अश्वगंधा : चंडीगडमधील संशोधन

अश्वगंधा : (म. आसंध, आस्कंद, डोरगुंज, हिं. असगंध, लॅ. विथानिया सोम्निफेरा, कुल – सोलॅनेसी). वांगे, मिरची व बटाटा यांच्या कुलातील एक औषधी झुडूप. आयुर्वेदात प्रामुख्याने तिची मुळी बलवर्धक म्हणून वापरतात. मेंदूवर आणि झोपेवर या मुळीचा जो परिणाम होतो, त्याचा प्रयोगशाळेत पद्धतशीर शोध घेणाऱ्या भारतीय केंद्रांमध्ये चंडीगडचे पंजाब विद्यापीठ महत्त्वाचे आहे.

नाव व वर्णन : ताज्या मुळीला घोड्याच्या अंगासारखा वास येतो, म्हणून ‘अश्वगंधा’. लिनीअस यांनी 1753 मध्ये या वनस्पतीला दिलेल्या जातिनामातील ‘सोम्निफेरा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘झोप आणणारी’ असा आहे. ड्यूनाल यांनी 1852 मध्ये तिचा समावेश विथानिया प्रजातीत केला. झुडूप साधारणपणे 30 ते 150 सेंमी. उंच वाढते. खोड व पाने यांवर राखाडी लव असते. पाने साधी व अंडाकृती, तर फुले लहान व हिरवट पिवळी असतात. फळ पिकल्यावर शेंदरी लाल होते आणि चिरबोटीच्या फळासारखे पातळ, फुगीर संवर्तात झाकलेले राहते. मुळी मांसल, बाहेरून फिकट तपकिरी व आतून पांढरी असते.

महाराष्ट्राच्या कोरड्या भागांत ती पडीक जमिनीवर आपोआप उगवते. व्यापारी लागवड मात्र मुख्यतः मध्य प्रदेशातील नीमच व मंदसौर आणि राजस्थानातील नागौर या भागांत होते. पावसाळ्यात पेरलेले पीक पाच ते सहा महिन्यांनी मुळ्यांसाठी उपटतात. ‘जवाहर असगंध-20’ आणि लखनौच्या ‘सीमॅप’ संस्थेची ‘पोषिता’ हे तिचे सुधारित वाण आहेत.

परंपरागत उपयोग : चरकसंहितेत अश्वगंधेचा समावेश बल्य (बळ देणाऱ्या) व बृंहणीय (शरीर भरून आणणाऱ्या) या दोन्ही गणांत केलेला आहे. अशक्तपणा, वातविकार, निद्रानाश व शुक्रक्षय यांवर वैद्य ती देत आले आहेत. मुळीची पूड दूध, तूप किंवा खडीसाखरेबरोबर घेतात. अश्वगंधारिष्ट व अश्वगंधा घृत हे तिचे परिचित कल्प आहेत. भारतीय आयुर्वेदीय औषधिकोशात मुळीच्या चूर्णाची मात्रा 3 ते 6 ग्रॅम दिली आहे.

रासायनिक घटक : पॉवर व सॉलवे यांनी 1911 मध्ये या वनस्पतीच्या घटकांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. इस्राएलमध्ये डेव्हिड लावी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पानांतून ‘विथाफेरिन-ए’ वेगळे केले आणि 1965 मध्ये त्याची संरचना मांडली. विथाफेरिन-ए (C₂₈H₃₈O₆) हे 28 कार्बन अणूंचे स्टेरॉइडी लॅक्टोन आहे. या गटाला ‘विथानोलाइडे’ असे नाव मिळाले. मुळीत सोम्निफेरीन, ॲनाफेरीन व कस्कोहायग्रीन ही अल्कलॉइडेही असतात. पान व मुळी यांतील घटकांचे प्रमाण वेगवेगळे असते. वाण, जमीन, काढणीचा काळ आणि अर्क काढण्याची पद्धत यांनुसारही ते बदलते. म्हणून ‘अश्वगंधेचा गुण’ सांगताना कोणता भाग, कोणता अर्क आणि किती मात्रा, हे सांगणे आवश्यक ठरते.

चंडीगडमधील संशोधन : पंजाब विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र संस्थेची परंपरा फाळणीपूर्व लाहोरपर्यंत जाते. तेथे 1944 मध्ये सुरू झालेला हा विभाग पुढे चंडीगडच्या सेक्टर 14 मधील विद्यापीठाच्या आवारात स्थिरावला. औषधक्रियाशास्त्रज्ञ एस. के. कुलकर्णी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी येथे अश्वगंधेच्या मुळीच्या अर्कावर दीर्घकाळ काम केले. अर्क मेंदूत कोणत्या मार्गाने काम करतो, हा त्यांच्या शोधाचा गाभा होता.

मेंदूतील चेतापेशींची उत्तेजना आवरणाऱ्या रासायनिक दूताला ‘गाबा’ म्हणतात. त्याचे काम अडले की झटके येतात, आणि ते वाढले की शांतता व झोप येते. ‘पेंटिलीनटेट्राझोल’ हे रसायन गाबाचे काम अडवते, त्यामुळे अपस्माराच्या प्रयोगांत ते वापरले जाते. त्याची अल्प मात्रा पुनःपुन्हा दिली की मेंदू हळूहळू झटक्यांना प्रवण होत जातो. उंदरांमधील अशा झटक्यांना अश्वगंधेचा अर्क आवर घालतो, हे कुलकर्णी यांच्या गटाने 1996 मध्ये प्रसिद्ध केले.

याच गटाने 2008 मध्ये केलेला प्रयोग अधिक नेमका होता. शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे 100 किंवा 200 मिग्रॅ. अर्क तोंडावाटे दिल्यावर झटक्याच्या तीव्र अवस्थेचा उंबरठा उंचावला, 50 मिग्रॅ. मात्रेने काहीच फरक पडला नाही. मात्र हीच निष्प्रभ मात्रा गाबा किंवा गाबाचे काम वाढवणारे डायझेपाम हे औषध यांच्या तितक्याच अपुऱ्या मात्रेबरोबर दिली, तेव्हा उंबरठा वाढला. दोन अपुऱ्या मात्रा एकत्र आल्यावर परिणाम दिसतो, तेव्हा दोन्ही द्रव्ये एकाच मार्गाने काम करत असावीत, असे अनुमान निघते. अर्काचा गाबाच्या यंत्रणेशी संबंध असल्याला या निष्कर्षाने बळकटी मिळाली.

‘झोप आणणारी’ या नावाची कसोटीही याच संस्थेत लागली. अनिल कुमार व हर्ष कालोनिया यांनी पाण्यावर टांगलेल्या जाळीवर उंदरांना ठेवून त्यांची झोप मोडली. झोपेविना उंदरांचे वजन घटले, त्यांची अस्वस्थता वाढली आणि मेंदूत ऑक्सिडीकरणाच्या नुकसानीच्या खुणा दिसल्या. अर्क आधीपासून दिलेल्या उंदरांत हे परिणाम सौम्य झाल्याचे त्यांनी 2007 मध्ये नोंदवले. पुढच्या वर्षी त्यांनी रॅट जातीच्या उंदरांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचे आलेखन केले. त्यातही अर्काचा लाभ दिसला. गाबाची क्रिया अडवणाऱ्या पिक्रोटॉक्सिनमुळे हा लाभ ओसरला, तर ती वाढवणाऱ्या मसिमॉलमुळे तो वाढला.

हॅलोपेरिडॉल हे मनोविकारांवरील औषध दीर्घकाळ घेतल्यास जबडा व जीभ यांच्या अनैच्छिक हालचाली सुरू होऊ शकतात. रॅट उंदरांतील अशा हालचाली अर्काने कमी झाल्याचे या संस्थेतील संशोधनात 2003 मध्ये दिसले. हंटिंग्टन विकाराच्या प्रायोगिक प्रतिरूपातही अर्काने तंतुकणिकांच्या (मायटोकाँड्रियांच्या) बिघाडापासून काही संरक्षण दिल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. कुलकर्णी व आशिष धीर यांनी 2008 मध्ये लिहिलेला अश्वगंधेवरील विस्तृत आढावा या विषयाच्या अभ्यासकांना आजही उपयोगी पडतो.

चंडीगडच्या या कामाचे मोल त्याच्या पद्धतीत आहे. परंपरेचे म्हणणे त्यांनी प्रश्नाच्या रूपात मांडले, तुलनेला प्रस्थापित औषध घेतले, निष्प्रभ ठरलेली मात्राही नोंदवली आणि विरोधी द्रव्य देऊन स्वतःचेच अनुमान तपासून पाहिले. तरीही हे निष्कर्ष प्राण्यांवरील आहेत. ते औषधाच्या क्रियेचा मार्ग सुचवतात. माणसाला होणारा लाभ त्यांनी सिद्ध होत नाही.

माणसांवरील चाचण्या व इतर संशोधन : पुण्यात भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी 1991 मध्ये अश्वगंधा, शल्लकी, हळद व जस्त यांच्या मिश्रणाची संधिवाताच्या 42 रुग्णांवर चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात वेदना कमी झाल्याचे आढळले. मात्र हे श्रेय एकट्या अश्वगंधेला देता येत नाही. हैदराबाद येथील 2012 च्या चाचणीत तणावग्रस्त 64 व्यक्तींनी भाग घेतला. ज्यांना 60 दिवस मुळीचा अर्क दिला, त्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉल सुमारे 28 टक्क्यांनी घटले. नवी मुंबईत निद्रानाशाच्या 60 रुग्णांवर दहा आठवडे झालेली चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात झोप सुधारल्याचे दिसले. अशा पाच चाचण्यांतील 400 व्यक्तींच्या माहितीचे 2021 मध्ये एकत्रित विश्लेषण झाले. झोपेवर होणारा अनुकूल परिणाम त्यात लहान, पण निश्चित आढळला.

जपानमधील त्सुकुबा येथील शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये वेगळाच दुवा पुढे आणला. पानांतील झोप आणणारा घटक विथानोलाइड नसून ट्रायएथिलीन ग्लायकॉल हा असल्याचे त्यांना उंदरांमध्ये दिसले. चंडीगडचे प्रयोग मुळीवरचे होते, त्यामुळे दोन्ही निष्कर्ष एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत.

सुरक्षितता : अश्वगंधायुक्त पूरक उत्पादने घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या पाच रुग्णांची नोंद आइसलँड व अमेरिकेतील वैद्यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केली. भारताच्या आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये उत्पादकांना पाने न वापरण्याची सूचना केली. डेन्मार्कने 2023 मध्ये खाद्यपूरकांत या वनस्पतीचा वापर निषिद्ध केला. ती थायरॉइड संप्रेरकांचे प्रमाण वाढवू शकते आणि झोपेच्या किंवा फेफऱ्याच्या औषधांचा गुंगी आणणारा परिणाम वाढवू शकते. गरोदरपणात ती टाळावी. यकृताचा किंवा थायरॉइडचा विकार असलेल्यांनी, तसेच नियमित औषधे घेणाऱ्यांनी वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ती घेऊ नये. फेफऱ्यावर चालू असलेले औषध बंद करून तिच्याकडे वळणे धोक्याचे आहे.