शाळेची तयारी : बोर्डीच्या अंगणातला धडा

"डॉक्टर, चार वर्षांचा झाला तरी अक्षरे गिरवत नाही. मंद तर नाही ना?" दवाखान्यात हा प्रश्न नेहमी येतो. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

१९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतील मुले येईनात. ताराबाईंनी आईवडिलांना दोष दिला नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी!

१९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली मुलांची अडचण वेगळी होती. कुणाला धाकटे भावंड सांभाळायचे असे, कुणाला गुरे राखायची. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणून 'विकासवाडी' उभी राहिली. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. मूल शाळेत का टिकत नाही, याचे कारण त्यांनी आधी घरात शोधले, मग डोक्यात.

माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी बिया, शिंपले, पाने, खडे आले. बिया आधी रंगाने, मग आकाराने वेगळ्या करताना मूल सूचना लक्षात ठेवते, घाई आवरते आणि नियम बदलला की विचारही बदलते. मेंदूच्या या कौशल्यांना आज 'एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स' म्हणतात. शाळेची खरी तयारी अक्षरांपेक्षा यांवर जास्त अवलंबून असते. ती जन्मतः पूर्ण नसतात. खेळातून, गप्पांतून, शांत झोपेतून आणि पोटभर आहारातून वाढतात. घरातला सततचा ताण मात्र त्यांना मागे खेचतो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले आणि तिथे आहार, लसीकरण व शिक्षण एकत्र आले.

तेव्हा चार वर्षांच्या मुलाकडून अक्षरे घोटून घेऊ नका. त्याला डाळ-तांदूळ निवडू द्या, गोष्ट सांगा, खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकवा. मात्र ते वाक्ये बोलत नसेल, साध्या सूचना समजत नसतील किंवा ऐकण्या-दिसण्याबद्दल शंका असेल, तर शाळेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.