सुखाने बसण्याचा इतिहास



कामगार चळवळीतल्या माणसाने ध्यानाच्या बैठकीवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. त्याला कारण आमच्या युनियनचे एक वृद्ध हमाल आहेत. तीस वर्षे त्यांनी बाजारात क्विंटलभराची पोती पाठीवर वाहिली. आता गुडघे वाकत नाहीत. येथे राजापेठेत त्यांच्या वस्तीत संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, आणि तिच्यात थोडा वेळ ध्यानाचा असतो. तेथे हे गृहस्थ जाईनासे झाले. कोणी अडवले नव्हते. विचारले तेव्हा म्हणाले, "सारे खाली बसतेत, अन् मी एकटाच खुर्चीवर बसू काय भाऊ? बरं नाही दिसत."

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयात झाले. त्यामुळे शंका आली की कपाटाकडे जायचे ही सवय. ध्यानाला मांडी घालूनच बसावे हे ठरवले कोणी, ते पाहू लागलो.

पतंजलींची योगसूत्रे दोनशेच्या आत आहेत. त्यांतली आसनाला वाहिलेली अवघी तीन. आसन स्थिर असावे आणि सुखाचे असावे. प्रयत्न सैल सोडल्याने व अनंताच्या ठायी चित्त लावल्याने ते साधते. ते साधले की थंडी-उन्हासारखी द्वंद्वे बाधत नाहीत. संपले! पाय कोठे, टाच कोठे, याविषयी एक अक्षर नाही. व्यासांच्या नावावर असलेल्या भाष्यात पद्मासन, वीरासन, स्वस्तिक अशी दहा-बारा नावे येतात, आणि त्यांतच एक नाव आहे 'सोपाश्रय', म्हणजे आधारासहित बसणे. वाचस्पती मिश्र हा आधार म्हणजे योगपट्ट असे सांगतात. कमरेमागून घेऊन गुडघ्यांभोवती बांधायचा हा पट्टा. तो पाय धरून ठेवतो आणि पाठीला विसावा देतो. योगनरसिंहाच्या मूर्तींत तो कोरलेला दिसतो, केरळातल्या अय्यप्पाच्या मूर्तीलाही आहे. देवाने पट्टा बांधला तर चालतो, आणि हमालाने पाठ टेकली तर तप बुडते, असे म्हणायला मला तरी जागा दिसत नाही. वाचस्पती तर स्पष्टच सांगतात की ज्या रीतीने बसले असता स्थैर्य आणि सुख लाभते ते आसन.

मग बसायचेच कशाला? उभ्याने का नको? हा प्रश्न ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात आला आहे. शंकराचार्य तेथे व्यवहारी माणसासारखे उत्तर देतात. उभ्या माणसाचे मन देह सावरण्यात गुंतते, चालणाऱ्याचे विखुरते, आणि आडव्याला झोप गाठते, म्हणून बसावे. लगेच पुढे स्थळाविषयी म्हटले आहे की जेथे एकाग्रता होईल तेथे बसावे, दिशेचा वा देशाचा नियम नाही. म्हणजे बैठक निवडली ती कामाच्या सोयीने. ज्याचे गुडघे मांडीत ठणकतात त्याचे मन गुडघ्यांतच गुंतते, आणि आचार्यांचे कारण त्या मांडीलाही लागू पडते.

गीतेच्या सहाव्या अध्यायातले आसन फार उंच नको, फार सखलही नको असे आहे. ज्ञानेश्वरांनी 1290 साली त्याचे कारण उलगडून सांगितले: उंच झाले तर अंग डोलेल, सखल झाले तर जमिनीचा दोष लागेल. पुढे टाच, शिवण आणि बंध यांचे जे वर्णन ते करतात ते मात्र नाथपंथी हठयोगाचे आहे, आणि तेथे पायांच्या ठेवणीला खरोखर महत्त्व आहे. पंधराव्या शतकातल्या हठयोगप्रदीपिकेत चार आसने मुख्य मानून त्यांत सिद्धासन श्रेष्ठ ठरवले आहे. ती एक खास साधना. तिचे नियम शांतपणे दहा मिनिटे बसू पाहणाऱ्या माणसावर लादणे म्हणजे पहिलवानाचा खुराक आजाऱ्याला वाढणे होय.

आपल्या गावात 1914 पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. शरीर कमावण्याचा अभिमान आपल्याला आहे आणि तो असावाही. पण म्हणूनच आसन म्हटले की आपल्याला कसरत आठवते. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम काढले आणि आसनांचा शास्त्रीय अभ्यास मांडला. त्यांनी शरीरसंवर्धनाची आसने व ध्यानाची आसने असे दोन वर्ग वेगळे केले होते. ती रेघ लोकांच्या मनातून पुसली गेली.

आणखी एक गोष्ट घडली. जुन्या ग्रंथांतला साधक एकान्तात एकटा बसतो. त्याची मांडी पाहायला कोणी नाही. तुकडोजी महाराजांनी (1909–1968) मोझरीच्या गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थना खेडोपाडी नेली आणि माणसे ओळीत बसू लागली. हे मोठे काम झाले. एका जाजमावर सावकार आणि हमाल शेजारी बसले, उंच-नीच निघाले. पण ओळ आली की तुलना येते, आणि खुर्ची म्हटली की वर्षानुवर्षे तिच्यावर कोण बसत आला हे गरीब माणूस विसरत नाही. बाबांचा संकोच शास्त्रातून आलेला नाही, येथून आलेला आहे. म्हणून मी त्याला खुळा म्हणत नाही.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर 1976 पासून विपश्यनेची शिबिरे चालतात. तेथे कोणतीही एक मांडी सक्तीची नाही. पाठ व मान सरळ ठेवायची, आणि ज्याला शरीराची अडचण आहे त्याला खुर्ची मिळते. तासभर न हलता बसण्याचे अधिष्ठानही तेथे असते, म्हणजे शिस्त काही ढिली नव्हे.

ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनाही एक सांगतो. सपाट सतरंजीवर मांडी घातली आणि गुडघे कमरेच्या वर राहिले, तर कंबर मागे ढळते आणि पाठीला पोक येते. बुडाखाली चार बोटे उंचीची घोंगडीची घडी घ्या. गुडघे खाली उतरतात, कणा आपोआप उभा राहतो. खुर्चीवर बसणाऱ्याने तळवे जमिनीला पुरे टेकवावे. टेकत नसतील तर खाली पाट घ्यावा.

हे सारे मी बाबांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "ग्रंथात खरंच टेकून बसणं लिहिलं हाय?" मी सोपाश्रयाचे पान दाखवले, त्यांना वाचता येत नाही, तरी त्यांनी बोट फिरवून पाहिले. वस्तीतल्या पोरांनी भिंतीशी एक लाकडी बाक आणून ठेवला. पहिले दोन दिवस तो रिकामा होता. तिसऱ्या दिवशी बाबा बसले, पायांखाली बारदानाची घडी घेऊन. आता त्या बाकावर चौघे जण असतात, त्यांत दोन म्हाताऱ्या बाया आहेत, आणि पाचव्याला जागा होत नाही म्हणून कुरकुर चालू आहे.