निकालावर पैसा: शाळांच्या अनुदानाची दीडशे वर्षे

शाळेला सरकारी पैसा द्यायचा, तर त्याचे चीज होते आहे याचा पुरावा कोणता धरायचा, हा प्रश्न महाराष्ट्रात शिक्षण खात्याइतकाच जुना आहे. 1854 च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात हे खाते उभे राहिले. अनुदानाचे नियम मात्र खऱ्या अर्थाने लागू व्हायला आणखी दहा वर्षे गेली. 1865-66 मध्ये सर अलेक्झांडर ग्रँट शिक्षण संचालक असताना जी पद्धत आली, तिचा गाभा एवढाच होता: पैसा मुलाच्या निकालावर. इंग्लंडात रॉबर्ट लो यांनी 1862 पासून हाच प्रयोग चालवला होता.

व्यवहारात याचा अर्थ असा. वर्षातून एकदा इन्स्पेक्टर किंवा त्याचा डेप्युटी शाळेत यायचा, एकेका मुलाला समोर उभे करून ठरलेल्या इयत्तेच्या विषयांत तपासायचा आणि जितकी मुले जितक्या विषयांत उत्तीर्ण होतील, त्या हिशेबाने शाळेची रक्कम ठरायची. सरकारच्या दृष्टीने ही पद्धत चोख होती. एक रुपयाही निकालाशिवाय जात नव्हता. शाळेच्या दृष्टीने मुलाला किंमत आली ती डेप्युटीसमोर उभे राहण्यापुरती. जो धडा विचारला जाणार, तोच पाठ करून घ्यायचा आणि ज्याच्यावर मेहनत वाया जाईल त्या मुलाला मागच्या ओळीत ठेवायचे, हा शहाणपणा कोणत्याही मास्तराला शिकवावा लागला नसणार.

या पद्धतीवरचा सर्वांत मार्मिक आक्षेप पुण्याहून आला. 1882 साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी सांगितले, की जिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, अशा गरीब आणि अडाणी ठेवलेल्या लोकांमध्ये निकालावर पैसा देऊन शिक्षण पसरणार नाही. अशा वस्तीत कोणी स्वतःच्या हिमतीवर शाळा काढलीच, तरी त्याला त्यावर पोट भरता येणार नाही. तिथे सरकारनेच शाळा काढाव्यात आणि मुलांना खास उत्तेजन द्यावे, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे पुरावा मागण्याला त्यांचा विरोध नव्हता. जिथून सुरुवात करायची ती पायरीच वेगळी असलेल्यांना एकच फूटपट्टी लावण्याला होता. आयोगाने उच्च शिक्षणासाठी ही पद्धत नाकारली, प्राथमिकसाठी मात्र ठेवली. 1904 मध्ये कर्झनच्या शैक्षणिक ठरावाने ती निकालात काढली.

पुढच्या साठ-सत्तर वर्षांत अनुदानाचा आधार निकालाकडून खर्चाकडे आणि खर्चाकडून पगाराकडे सरकला. स्वातंत्र्यानंतर मान्यताप्राप्त खासगी शाळेतल्या शिक्षकांचे वेतन शासनाने उचलले आणि 1977 च्या कायद्याने त्यांच्या सेवाशर्तीही बांधल्या गेल्या. शिक्षकाला यातून मिळालेली सुरक्षितता मोठी होती. पण शाळेची किंमत ठरवणारा आकडा आता पटसंख्येचा झाला. पटावर शिक्षकांची पदे ठरतात आणि पोषण आहारासारख्या योजनांचे वाटपही पटावरच. परिणाम व्हायचा तोच झाला: पट कागदावर फुगले. नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यात मुलांची प्रत्यक्ष मोजणी करून घेतली आणि 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या काळात साऱ्या राज्यात तशीच पटपडताळणी झाली. महसूल आणि इतर खात्यांचे कर्मचारी शाळेच्या दारात उभे राहिले. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली गेली. कागदावरची किती मुले वर्गात नव्हतीच, हे त्या तीन दिवसांत कळले.

शिकवण्याच्या पद्धतीचा पुरावा गोळा करण्याचे काम या काळात अनुदानाच्या यंत्रणेबाहेर चालले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची सुरुवात 1974 मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने, मुंबईत नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या इमारतीत झाली. व. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांमध्ये विज्ञान शिकवण्याचे प्रयोग केले. पाठ्यपुस्तकाची भाषाच मुलाच्या आड येते का, हेही तपासले. 1992 पासून हे केंद्र मानखुर्दला आहे. ‘प्रथम’ संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांना शिकवायला ‘बालसखी’ नेमल्या. 2001 नंतर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाची तुलनात्मक चाचणी घेतली. काही शाळांत तिसरीला बालसखी दिली, काहींत चौथीला, आणि दोन्हीकडच्या गुणांतली वाढ ताडून पाहिली. मदत मिळालेल्या वर्गांचे गुण स्पष्ट वाढले. फुल्यांनी ज्या मुलांची बाजू मांडली होती, त्यांच्यापासून सुरुवात करणारा हा पुरावा होता.

शासनाने नवोपक्रमासाठी वेगळा पैसा ठेवला नव्हता असे नाही. सर्व शिक्षा अभियानात एका जिल्ह्याला वर्षाला 50 लाख रुपयांपर्यंत नवोपक्रमासाठी मिळू शकत. पण त्यातून काय साधले, याची मोजणी खर्चाच्या हिशेबाइतकी काटेकोर कधी झाली नाही. 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयाने पायाभूत आणि संकलित चाचण्या आणल्या, आणि मूल किती शिकले हा आकडा पुन्हा खात्याच्या टेबलावर आला. जागतिक बँकेच्या 50 कोटी डॉलर कर्जाच्या ‘स्टार्स’ प्रकल्पात 2020 मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्ये आली; या कर्जातला मोठा भाग ठरलेली उद्दिष्टे गाठल्यावर मिळणारा होता. ग्रँटसाहेबांना ही कल्पना ओळखीची वाटली असती. फरक इतकाच, की मोजमाप या वेळी एकेका मुलाचे नसून राज्याचे होते.

नव्याने वसलेल्या शहरात हा हिशेब कसा मांडला गेला, याचे उदाहरण म्हणजे नवी मुंबई; ती या इतिहासात उशिरा आली. 1970 मध्ये हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली, महापालिका 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला. सिडकोने नोड, म्हणजे शहराचे आखीव विभाग, आखताना शाळांचे भूखंड राखले आणि ते शिक्षणसंस्थांना सवलतीच्या दरात दिले, म्हणजे इथे सरकारी मदत मुख्यतः जमिनीच्या रूपात आली आणि तिला निकालाची अट नव्हती. शहर भरत होते तेव्हा, 2001 मध्ये, राज्याने नव्या शाळांसाठी ‘कायम विनाअनुदानित’ धोरण स्वीकारले. 2009 मध्ये त्यातला ‘कायम’ शब्द वगळला गेला आणि पुढे मूल्यांकनाच्या निकषांवर उतरलेल्या शाळांना टप्प्याटप्प्याने अनुदान सुरू झाले. पहिला टप्पा वीस टक्क्यांचा. नोडमधल्या बहुतेक इंग्रजी शाळा फीवरच चालत राहिल्या. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे अशा जुन्या गावांतल्या मूळ जिल्हा परिषदेच्या शाळा महापालिकेकडे आल्या, आणि त्यांचा खर्च पालिकेच्या अंदाजपत्रकातून होऊ लागला.

फीवर चालणाऱ्या शाळांनाही खुले असे एक अनुदान नंतर आले. 2016 पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब या प्रयोगशाळांसाठी सहावी ते बारावीच्या वर्गांच्या शाळांना 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले: 10 लाख उभारणीसाठी, उरलेले पाच वर्षांच्या चालवणुकीसाठी. यात सरकारी आणि खासगी अशा दोन्ही शाळांना अर्ज करता येत असे. शाळेला खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. थ्रीडी प्रिंटर आणि सेन्सर हाताळून त्या मुलांचे विज्ञान किती सुधारले, याची चाचणी त्या प्रमाणपत्राचा भाग नाही.