जुन्या गाडीची बॅटरी सारखी उतरतेय? नवी घेण्याआधी ही ४ रीडिंग घ्या

फोन चार्ज होत नसेल तर आपण आधी केबल हलवून बघतो. गाडीची बॅटरी उतरली की मात्र थेट नवी घेतो!

मनवेलपाड्यात आमच्या बिल्डिंगखाली बाबांची प्रीमियर पद्मिनी उभी असते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेलं, काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईभर धावलेलं हेच ते मॉडेल. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या, तरी रात्री हेडलाइट मंदच. शेवटी बाबा म्हणाले, "जाऊ दे, भंगारात देऊन टाकू." मी म्हटलं, एक रविवार द्या.

चार्जिंग कसं होतं?
फॅन बेल्टवर फिरणारा अल्टरनेटर म्हणजे चार्जर. रेग्युलेटर व्होल्टेज आवाक्यात ठेवतो. (फार जुन्या फियाटला डायनॅमो असतो, त्याची तपासणी वेगळी.)

आधी डोळ्यांनी बघा
इंजिन बंद ठेवून बेल्ट अंगठ्याने दाबा. साधारण १ सेंटिमीटर दबला तर ठीक. चार्जिंगचा लाल दिवा चावी फिरवल्यावर लागायला आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा.

आता मल्टीमीटर, डीसी २० व्होल्टवर

१. गाडी रात्रभर उभी, इंजिन बंद: बॅटरीवर १२.६ म्हणजे फुल. १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी.

२. इंजिन चालू, हेडलाइट लावून, थोडी रेस देऊन: बॅटरीवर १३.८ ते १४.४ हवेत. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटरवर संशय घ्या. आमच्याकडे आले १२.३.

३. तशाच स्थितीत अल्टरनेटरची जाड वायर ते त्याचीच बॉडी: १४.२. म्हणजे चार्जर ठणठणीत!

४. मग करंट अडतो कुठे? जाड वायर ते बॅटरीचा प्लस: ०.१. ठीक. अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा मायनस: १.८! इथे ०.२ च्या आत हवं.

गुन्हेगार सापडला: इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी. आमच्याकडची खारी, दमट हवा. पट्टीची दोन्ही टोकं गंजलेली. पॉलिशपेपरने घासली, नट आवळले. बॅटरीवर १४ व्होल्ट!

हे करू नका
इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढू नका. व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. सैल बाह्या, ओढणी, इअरफोन पंख्यापासून लांब ठेवा.

भंगारवाल्याचा नंबर बाबांनी अजून डिलीट केलेला नाही. पण परवा रात्री स्वतःच गाडी काढून अर्नाळ्याला चक्कर मारून आले.