पानामागे किती पडते?

रविवारची दुपार, फरशीवर पसरलेले जुने वर्तमानपत्र, औषधाच्या दुकानातून आणलेली सिरिंज आणि एक रिकामी कार्ट्रिज. २००५ च्या आगेमागे मुंबईच्या उपनगरांत ज्या घरांत संगणक आला, त्यांतल्या कितीतरी घरांना हे दृश्य ओळखीचे आहे. कार्ट्रिजवरचे लेबल नखाने अलगद उचलायचे, खाली दिसणाऱ्या बारीक भोकात सुई घालायची आणि काळी शाई थेंबाथेंबाने आत सोडायची. घाई केली की शाई उसळून वर येते. रंगीत कार्ट्रिजला भोके तीन. निळ्याच्या भोकात चुकून पिवळी गेली की शाळेच्या प्रोजेक्टमधले आकाश हिरवे छापून येते. भरून झाले की कार्ट्रिजचे तोंड ओलसर टिश्यूवर टेकवायचे. अखंड, सरळ पट्टा उमटला तर जमले. बोटांवरचा डाग मात्र दोन दिवस जात नाही.

दिंडोशीसारख्या वस्तीत हा खटाटोप का होत असे, हे समजायला त्या वस्तीची घडण पाहावी लागते. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने अतिरिक्त ठरणारी जमीन सामान्यांच्या घरांसाठी मिळावी म्हणून मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या झेंड्याखाली दीर्घ लढा दिला. त्यातून गोरेगाव-मालाडच्या पूर्वेला, दिंडोशीच्या उतारावर, हजारो परवडणारी घरे उभी राहिली. जवळच म्हाडाची वसाहत. कारकून, शिक्षक, गिरणी सुटलेले कामगार, बँकेतले, बेस्टमधले लोक इथे राहायला आले. स्वतःचे घर ज्यांनी पै पै जोडून मिळवले, ते घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला एकच प्रश्न विचारणार: घ्यायला किती, आणि चालवायला किती? प्रिंटरच्या बाबतीत दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा निघाला.

शाई महाग पडते म्हणून ती स्वतः करून पाहण्याची खोड मुंबईला आजची नाही. मराठी माणसाच्या छापखान्याचा प्रारंभच तिने झाला. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातली शिळाप्रेसची छपाई पाहून गणपत कृष्णाजी या हरहुन्नरी माणसाने स्वतःचे यंत्र जुळवले, शाईसाठी निरनिराळी मिश्रणे करून पाहिली आणि १८३१ मध्ये पहिले छापील मराठी पंचांग काढले. गोविंद नारायण माडगावकरांच्या १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात त्याच्या कामाची दखल आहे. छापील पोथीला हात लावायला त्या काळी सोवळ्यातले लोक कचरत, कारण शाईत चरबी असल्याचा संशय. त्यावर तोड म्हणून तूप घातलेल्या शाईने धर्मग्रंथ छापले गेले. आज ‘कंपनीचीच शाई वापरा’ आणि ‘बाहेरची चालते हो’ असा जो वाद प्रत्येक सोसायटीत रंगतो, त्याचे मूळ इतके जुने आहे. शाईत काय आहे आणि ती कोणी भरायची, हे ठरवणाऱ्याच्या हातात छपाईच्या नाड्या असतात.

पुढची दीडशे वर्षे हा प्रश्न छापखान्यांपुरता राहिला. घरात शाई यायची ती दौतीतून. कचेरीत टाइपरायटरची फीत असे, वर काळी, खाली लाल. नुसती काळी फीत असेल तर वरची कड पुसट झाल्यावर ती उलटी लावून पुन्हा वापरत. सोसायटीची नोटीस किंवा मंडळाचे पत्रक शंभर घरांत पोचवायचे तर सायक्लोस्टाइल. मेणाच्या स्टेन्सिलवर फीत काढलेल्या टाइपरायटरने अक्षरे कापायची, चूक झाली तर करेक्शन फ्लुइड लावून छेद बुजवायचा आणि मग हँडल फिरवून प्रती काढायच्या. पानामागे खर्च नगण्य होता, पण अक्षर फाकायचे आणि हात बरबटायचे. ऐंशीच्या दशकात डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आला. टीव्हीएसचे एमएसपी आणि विप्रोचे प्रिंटर बँकांत, पेढ्यांवर, हिशेबनिसांच्या टेबलांवर करकरू लागले. त्यांचीही भिस्त फितीवरच, आणि ती स्वस्त. आजही दुकानदाराचे कार्बनवाले बिल त्याच आवाजात बाहेर येते.

सगळा हिशेब बदलला तो इंकजेटने. त्याच्या जन्मकथेतही एक सिरिंज आहे. १९७७ मध्ये जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो या संशोधकासमोर तापलेली सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. उष्णतेने बुडबुडा होतो, तो थेंब बाहेर ढकलतो, हे तत्त्व त्यातून हाती आले आणि ‘बबल जेट’ची वाट मोकळी झाली. एचपीने स्वतंत्रपणे तेच तत्त्व गाठले आणि १९८४ मध्ये थिंकजेट बाजारात आणला. त्याच वर्षी त्यांचा पहिला लेझरजेट आला, किंमत ३,४९५ डॉलर. १९८८ चा डेस्कजेट ९९५ डॉलरचा.

थिंकजेटमधली एक रचना पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या घरगुती खर्चाचे मूळ आहे. थेंब उडवणारे हेड आणि शाई एकाच डबीत बसवली, म्हणजे शाई संपली की हेडसकट डबी फेकायची. ग्राहकाला सोय अशी की हेड चोंदले तरी चिंता नाही, नवी डबी घातली की यंत्र नवे. कंपनीला सोय अशी की यंत्र स्वस्तात द्यायचे आणि कमाई डब्यांवर करायची. नव्वदच्या दशकाअखेर प्रिंटरचे भाव झपाट्याने उतरले. काळी आणि रंगीत अशा दोन नव्या कार्ट्रिजांची किंमत प्रिंटरच्या किमतीच्या जवळ जाऊ लागली, तेव्हा घराघरांत लोकांनी कपाळाला हात लावला.

मग सिरिंज बाहेर आली. ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, संगणकाच्या सुट्या भागांबरोबर शाईच्या बाटल्या मिळत. पुढे उपनगरांतल्या स्टेशनांबाहेर ‘कार्ट्रिज रिफिल’च्या पाट्या लागल्या. लेझरच्या टोनरलाही हीच कला लागू पडली. एचपीच्या १०१० आणि १०२० या लेझरजेटांना चालणारी १२ए कार्ट्रिज उघडायची, उरलेली पावडर झटकायची, नवी भरायची, ड्रमवर चरे पडले असतील तर ड्रमही बदलायचा. हे काम करणारी मुले बोटांनीच ओळखत की ही कार्ट्रिज अजून दोनदा भरता येईल की नाही. या कारागिरीची नोंद कुठल्या उद्योगाच्या इतिहासात सहसा होत नाही. व्हायला हवी. हजारो विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट आणि बायोडेटा तिच्यामुळे परवडले.

एप्सनच्या प्रिंटरांचे गणित निराळे. त्यांचे हेड उष्णतेने नव्हे, तर विजेच्या दाबाने आकार बदलणाऱ्या पिझो पदार्थाने थेंब ढकलते आणि ते यंत्रातच कायमचे बसलेले असते. तिथे डबी भरण्यापेक्षा लोकांनी बाहेरून बाटल्या जोडल्या. प्रिंटरच्या कुशीला चार बाटल्या, त्यांतून आत जाणाऱ्या चार बारीक नळ्या, झाकणाच्या फटीत अडकवलेली कागदाची घडी. रूप ओबडधोबड, पण पान पैशांत पडे. इंडोनेशियात, चीनमध्ये आणि भारतात हा जुगाड फोफावला.

यावर कंपन्यांनी आधी कार्ट्रिजमध्ये चिपचा पहारा बसवला. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी बाहेरच्या चिपच्या कार्ट्रिज अचानक नाकारल्या. ओरड झाल्यावर ते बंधन काढणारे सॉफ्टवेअर कंपनीला द्यावे लागले. ३० मे २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात सांगितले की कार्ट्रिज एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो, मग ती भरून पुन्हा विकणाऱ्याला त्या हक्काने अडवता येत नाही. पण घरगुती ग्राहकाची खरी सरशी त्याआधीच झाली होती. २०१० मध्ये एप्सनने इंडोनेशियात स्वतःच शाईच्या टाक्या जोडलेले प्रिंटर विकायला काढले आणि थोड्याच काळात ते भारतातही आले. पुढे कॅननची ‘जी’ मालिका, एचपी आणि ब्रदरची टाकीवाली यंत्रे आली. सिरिंज घेऊन बसलेल्या घरांनी जे सिद्ध केले, तेच कंपन्यांनी कारखान्यात घडवले.

आकड्यांत फरक असा. एचपीची छोटी काळी ८०२ कार्ट्रिज सुमारे १२० पाने देते. एप्सनची ६६४ ची ७० मिलीची काळी बाटली सुमारे ४,००० पाने. म्हणजे एका बाटलीत ३३ कार्ट्रिजांची छपाई. हे आकडे कंपन्यांच्या ठरीव चाचणी-पानांवर मोजलेले असतात. ठळक मथळे, गडद चौकटी आणि देवीदेवतांची रंगीत चित्रे असलेली मंडळाची पत्रिका त्याहून बरीच शाई पिते.

तरीही टाकीवाला प्रिंटर प्रत्येक घराने घ्यावा असे नाही, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. समजा, एका घरात महिन्याला ४० पाने लागतात: आधार, भाड्याचा करार, मुलांची वर्कशीट, गॅसचे कागद. वर्षाची झाली ४८०. झेरॉक्सच्या दुकानात पानाला पाच रुपये धरले तर २,४०० रुपये. ४,००० पानांची बाटली या घराला आठ वर्षे पुरेल, पण तितके दिवस हेड ओले राहणार नाही. न वापरता महिना गेला की शाई सुकते, मग हेड क्लीनिंग करावे लागते आणि त्यातच बरीच शाई वाहून जाते. अशा घराला रंग नको असेल तर साधा काळा लेझर बरा. १२ए सारखी कार्ट्रिज २,००० पाने देते, पावडर सुकत नाही, चार वर्षे कोपऱ्यात पडली तरी पहिले पान स्वच्छ येते. रंगीत पान वर्षातून पाच-सहा वेळाच लागत असेल तर ते दुकानातूनच आणावे.

टाकीवाला प्रिंटर शोभतो तो रोज चालणाऱ्या घरात. शिकवण्या घेणारी बाई, हिशेब पाहणारा सल्लागार, दोन शाळकरी मुले असलेले कुटुंब. २०२० च्या टाळेबंदीत शाळाच घरात आली तेव्हा अशा घरांना त्याची किंमत कळली. दिंडोशीत आणखी एक वर्ग आहे, वकिलांचा. इथे नगर दिवाणी व सत्र न्यायालय आहे आणि न्यायालयाभोवती टायपिंग, झेरॉक्स, हिरवा लेजर कागद हा जुना संसार आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए-फोर कागदावर दोन्ही बाजूंनी छपाई स्वीकारली. खालच्या न्यायालयांतही हे रुळत जाईल तसा घरी बसून अर्ज तयार करणाऱ्या तरुण वकिलाला दोन्ही बाजू आपोआप छापणारे यंत्र घेताना चार पैसे जास्त मोजणे परवडेल. कागद निम्मा लागतो.

उरतो मुंबईचा पावसाळा. आरेच्या झाडीला लागून असलेल्या या उतारावर जून ते सप्टेंबर कागद मऊ पडतो, दोन-दोन पाने एकत्र ओढली जातात. रिम उघडी ठेवू नये. लागतील तेवढीच पाने ट्रेमध्ये, बाकीची वेष्टनात घट्ट मिटून कपाटात. आठवड्यातून एकदा चारही रंग असलेले एक पान काढावे. आणि मे महिन्यात कोकणात जाताना भिंतीवरचे बटण थेट बंद करू नये. आधी प्रिंटरवरचे बटण दाबावे, आतून होणारी घरघर थांबू द्यावी. तेवढ्या वेळात हेड आपल्या जागी जाऊन टोपीखाली झाकले जाते. मग प्लग काढावा आणि दाराला कुलूप लावावे.