तलावांच्या जिल्ह्यातील ताट

नागपूरच्या पूर्वेस सुमारे ६० किलोमीटरवर असलेला भंडारा हा विदर्भातील असला, तरी ज्वारी-भाकरीचा नव्हे, भाताचा प्रदेश आहे. वैनगंगेचे खोरे, जुने तलाव आणि झाडीपट्टीतील जंगल यांनी येथील आहार घडविला. म्हणूनच येथे स्थानिकांप्रमाणे जेवायचे, तर हॉटेलातील मेन्यूकार्डापेक्षा शेतात, तलावात आणि रानात त्या महिन्यात काय पिकते याकडे लक्ष द्यावे लागते.

धान : भाताच्या पिकाला येथे ‘धान’ आणि बांध घातलेल्या शेताला ‘बांधी’ म्हणतात. तुमसर ही तांदळाची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. जिल्ह्याचा मान म्हणजे चिन्नोर. या मऊ, सुवासिक तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र तो उशिरा तयार होतो आणि उत्पन्नही कमी देतो. सरकारी खरेदीत सुवासाला वेगळा भाव नसल्याने जाड धान शेतकऱ्याला अधिक परवडते. त्यामुळे चिन्नोर खायचा असेल, तर तो मागून घ्यावा लागतो.

तलाव : येथील तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य मोलाचे ठरले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि हे तलाव ‘माजी मालगुजारी’ म्हणजे ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांतील पाणी धानाला मिळते. मासे आणि शिंगाडे ढीवर समाजाच्या हाती येतात. मरळीचा झणझणीत रस्सा आणि भात, वांग्यात शिजविलेले सुके झिंगे हे येथील घरगुती पदार्थ. हिवाळ्याच्या सुरुवातीला उकडलेले काळे शिंगाडे रस्त्याच्या कडेला विकायला येतात.

रान : पावसाळ्यात काटवल, तरोट्याची कोवळी पाने आणि बांबूचे कोंब म्हणजे वास्ते आठवडी बाजारात येतात. अळूला येथे ‘कोचई’ म्हणतात. तिच्या पानांच्या वड्या आवडीने केल्या जातात. उन्हाळा मोहफुलांचा आणि चारोळीचा. वाळविलेली मोहफुले खाण्यात वापरतात. मोहाची हातभट्टीची दारू मात्र बेकायदा असून तिच्यापासून दूर राहणेच योग्य. उन्हात ताक किंवा तांदळाची पेज उत्तम.

लाखोरी : धान उभे असतानाच ओल्या बांधीत लाखोरीचे बी टाकले जाते. तिच्या कोवळ्या पानांची भाजी आणि डाळीचे वडे करतात. हेच धान्य दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास त्यातील विषारी घटकामुळे पाय लुळे पडू शकतात. या लॅथिरिझम रोगामुळे १९६१ पासून देशात तिच्या विक्रीवर निर्बंध आले. डाळ भिजवून ते पाणी टाकून देणे आणि ती बेतानेच खाणे यात शहाणपण आहे.

मंडई : दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. त्या दिवशी नातलग जमतात, रात्री दंडार किंवा नाटक रंगते आणि पाहुण्याला जेवल्याशिवाय जाऊ दिले जात नाही. येथील स्वयंपाक चाखण्यास याहून चांगला प्रसंग नाही.

या ताटापुढील खरा प्रश्न पाण्याचा आहे. अनेक मामा तलाव गाळाने भरले आणि त्यांत बेशरमाची झुडपे माजली. २२ एप्रिल १९८८ रोजी पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाने सिंचनाची सोय केली. पण नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येऊन धरणाच्या फुगवट्यात साचते. त्याचा फटका नदीतील माशांना आणि त्यांवर जगणाऱ्या ढीवर कुटुंबांना बसतो. दुसरीकडे भंडारा-गोंदिया परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर महिलांच्या सहभागाने काही तलावांतील बेशरम काढून देशी पाणवनस्पती लावल्या. या वनस्पतींच्या आश्रयाने देशी मासे वाढतात. बाजारात कोणती मासळी येते, यावरून गावाच्या तलावाची प्रकृती ओळखता येते.