खाते, पण अंगाला लागत नाही

गेल्या पौषात मित्राच्या मामांबरोबर मुरबाडजवळच्या म्हसा यात्रेला गेलो होतो. म्हसोबाचं दर्शन झालं, मग गुरांचा बाजार. तिथे एका म्हशीच्या जबड्याखाली पाण्याच्या पिशवीसारखी सूज लोंबत होती. मी विचारलं, "मामा, हिला काही चावलंय का?"

"नाय रे, पानथळीत चरलेली दिसते. खाते, पन अंगाला लागत नाय."

घरी येऊन वाचत बसलो. मंडळी, या एका वाक्यामागे केवढा इतिहास आहे!

१३७९ मध्ये जाँ द ब्री या फ्रेंच मेंढपाळाने मेंढ्यांच्या यकृतातल्या या पानासारख्या चपट्या कृमीबद्दल लिहून ठेवलं. पण तो पोटात येतो कुठून, हे पुढची ५०० वर्षं कोडंच होतं. १८७९-८० मध्ये इंग्लंडात सुमारे ३० लाख मेंढ्या दगावल्या, तेव्हा कुठे शोध जोरात सुरू झाला. १८८१ ते १८८३ या काळात ऑक्सफर्डला थॉमस आणि लाइपझिगला लॉयकार्ट, दोघांनी स्वतंत्रपणे 'बग' पकडला: गोगलगाय!

शेणातून अंडी पाण्यात पडतात. अळी गोगलगायीत शिरते, तिथे एकीच्या शेकडो होतात, बाहेर पडून गवताला चिकटतात. जनावर ते गवत खातं. आपल्याकडच्या गुरांमधली जात 'गिगँटिका'. १८५५ मध्ये कॉबोल्डने तिला नाव दिलं, तेही जिराफात सापडलेल्या कृमीवरून. आणि शहापूर-मुरबाडची भातखाचरं, ओढ्याकाठचा चिखल म्हणजे अशा गोगलगायींना माहेरच की.

पिल्लू कृमी आतडं भेदून यकृतात घुसतो, ते कुरतडत पित्तनलिकेत पोचतो आणि तिथे रक्तावर जगतो. अल्ब्युमिन हे प्रथिन यकृतच बनवतं, रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं ते हेच. इथे ते रक्ताबरोबर गळून जातं आणि जखमी यकृताला भरपाई जमत नाही. मग पाणी झिरपून जबड्याखाली साठतं. ती पिशवी आली कुठून, कळलं ना? चाऱ्यातलं प्रथिन ही गळती भरण्यातच संपतं. अंगाला लागणार काय?

१९८० च्या दशकात ट्रायक्लाबेंडाझोल आलं, ते पिल्लांनाही मारतं. पण जनावर पुन्हा त्याच चिखलात चरलं, की पहिले पाढे पंचावन्न.

असो. निघताना मामा त्या मालकाला हळूच म्हणाले होते, "विकायची घाई नको करू, दादा. आधी दवाखान्यात शेण तपासून घे." तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.